जैविक गाळणीचे माध्यम : वनस्पतियुक्त मत्स्यालयासाठी निवड

काचेच्या पेटीत ठेवलेला मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात तो आपली उत्सर्जितेही सोडीत असतो. नदीत किंवा तळ्यात ही अडचण जाणवत नाही. कारण तेथे एकेका माशाच्या वाट्याला हजारो लिटर पाणी येते आणि तळाची माती, शेवाळ व पाणवनस्पती ते सतत शुद्ध करीत असतात. घरातील मत्स्यालयात मात्र शंभर लिटर पाण्यात दहा-पंधरा मासे राहतात आणि त्यांना रोज बाहेरून अन्न दिले जाते. हौसेने सजविलेल्या नव्या मत्स्यालयातील मासे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मरू लागतात, हा अनुभव पुष्कळांना येतो. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असल्यामुळे दोष रोगाला किंवा विक्रेत्याला दिला जातो. बहुतेक वेळा खरे कारण पाण्यात विरघळलेले व न दिसणारे असते. ते कारण म्हणजे अमोनिया होय.

हा अमोनिया नाहीसा करण्याचे काम जैविक गाळणी करते. ‘गाळणी’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. चहाच्या गाळणीप्रमाणे ती काही अडवून ठेवीत नाही. ती जीवाणूंना राहण्यासाठी जागा देते आणि ते जीवाणू विषारी द्रव्याचे कमी विषारी द्रव्यात रूपांतर करतात. ज्या पदार्थावर हे जीवाणू वस्ती करतात, त्याला गाळणीचे ‘माध्यम’ असे म्हणतात. बाजारात अशा माध्यमांचे अनेक प्रकार मिळतात आणि त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. निवड कोणत्या तत्त्वावर करावी, हे कळण्यासाठी प्रथम त्या माध्यमावर काय घडते ते पाहणे आवश्यक आहे.

अमोनियाचे रूपांतर

माशाच्या शरीरात प्रथिनांचे विघटन झाले की त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर पडतो. न खाल्लेले अन्न, विष्ठा आणि कुजणारी पाने यांपासूनही अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो : मुक्त अमोनिया आणि अमोनियम. यांपैकी मुक्त अमोनिया अत्यंत विषारी असून अमोनियम त्या मानाने निरुपद्रवी आहे. कोणते रूप किती प्रमाणात असेल, हे पाण्याच्या सामूवर व तापमानावर अवलंबून असते. २५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्याचा सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच मुक्त असतो. सामू ८ झाल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते आणि सामू ९ ला ते एक-तृतीयांशाहून अधिक होते. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या कठीण पाण्यात मासे अधिक लवकर दगावतात, याचे एक कारण येथे सापडते.

जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. नायट्राइटही विषारीच असते. ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट करते आणि रक्ताला तपकिरी रंग आणते. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात साचले तरी मासे ते सहन करू शकतात. वनस्पतियुक्त मत्स्यालयात तर ते झाडांचे अन्नच असते.

या शोधाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलन पाण्याच्या भांड्यात दोन लहान सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरियाची रोपे आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता त्यांचा समतोल साधल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. वनस्पतींनी दिलेला प्राणवायू हे या यशाचे रहस्य होय, अशी त्याची समजूत होती. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्यूंत्स यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश पाझरू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. त्यानंतर पाण्यातील अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. ती सजीवांमुळे घडते, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढे ही क्रिया दोन टप्प्यांत होते, हे इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे ज्याने दाखविले, तो धाकटा रॉबर्ट वॉरिंग्टन हा वरील मत्स्यालयकर्त्याचाच पुत्र होता. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने असे जीवाणू वेगळे करून वाढविले.

मत्स्यालयातील ही कामगिरी नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर या दोन वंशांकडे आहे, असे नंतर दीर्घकाळ मानले जात होते. १९९० नंतरच्या संशोधनाने या चित्रात बदल केला. गोड्या पाण्याच्या गाळण्यांत नायट्राइटचे रूपांतर मुख्यतः नायट्रोस्पिरा हे जीवाणू करतात, असे १९९८ मध्ये दिसून आले. अनेक गाळण्यांत अमोनियाचे रूपांतर जीवाणूंपेक्षा आर्किया नावाचे सूक्ष्मजीव अधिक करतात, असे २०११ मध्ये आढळले. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पिराही २०१५ मध्ये सापडले. माध्यम निवडणाऱ्याला यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, हे सूक्ष्मजीव अत्यल्प अमोनियावर जगणारे, सावकाश वाढणारे आणि पृष्ठभागाला चिकटून राहणारे आहेत. काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात; यांना त्यासाठी अनेक तास, कित्येकदा एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. श्लेझिंग व म्यूंत्स यांच्या नळीतील वीस दिवसांची स्तब्धता आणि नव्या मत्स्यालयातील पहिले घातक आठवडे यांचे कारण एकच आहे.

पृष्ठभाग किती हवा ?

माध्यमाची जाहिरात करताना त्याच्या प्रचंड पृष्ठभागाचा उल्लेख बहुधा केला जातो. एवढ्या पृष्ठभागाची खरोखर गरज असते काय, हे साध्या हिशेबाने तपासता येते. माशांना रोज एक ग्रॅम कोरडे अन्न दिले जाते आणि त्यात ४० टक्के प्रथिने आहेत, असे समजू. मत्स्यसंवर्धनात वापरल्या जाणाऱ्या ठोकताळ्यानुसार प्रथिनांच्या वजनाच्या सुमारे ९ टक्के एवढा नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. म्हणजे एक ग्रॅम अन्नामागे सुमारे ३७ मिलिग्रॅम नत्राची विल्हेवाट लावावी लागते. अमोनिया अगदी कमी असलेल्या पाण्यात एक चौरस मीटर पृष्ठभागावरील जीवाणू दिवसाला केवळ १०० मिलिग्रॅम नत्राचे रूपांतर करतात, असा सावध अंदाज धरला, तरी येथे चौरस मीटरच्या चार-दशांशांहून कमी पृष्ठभाग पुरतो.

आता दहा मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत गोळ्या एक लिटर भांड्यात भरल्या, तर त्यांचा केवळ बाहेरचा पृष्ठभाग ०.३६ चौरस मीटर भरतो. पाच मिलिमीटरच्या खड्यांचा पृष्ठभाग याच्या दुप्पट होतो. यावरून असे दिसते की, दिवसाला एक ग्रॅम अन्न लागणाऱ्या मत्स्यालयाला लिटरभर साधे खडेदेखील पुरेसे आहेत. शिवाय पेटीतील वाळू, काच, लाकूड आणि पाने यांवरही जीवाणूंची वस्ती असते, ती वेगळीच.

रंध्रांचा प्रश्न

एका लिटर माध्यमात शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असल्याचे जे सांगितले जाते, ते आतील सूक्ष्म रंध्रांची मोजदाद करून सांगितलेले असते. तो आकडा खोटा नसला, तरी जीवाणूंच्या दृष्टीने तो फारसा उपयोगाचा नसतो. जीवाणूची लांबी मिलिमीटरच्या सुमारे एक-सहस्रांश असते. त्याहून अरुंद रंध्रात त्याला शिरताच येत नाही. रंध्र याहून रुंद असले तरी त्याच्या तोंडाशी वाढणारा चिकट थर ते लवकरच बुजवून टाकतो. आणखी एक मर्यादा प्राणवायूची आहे. एक मिलिग्रॅम नत्राचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो. हा प्राणवायू जीवाणूंच्या थरात मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे फारसा पोचत नाही. दगडाच्या गाभ्यातील रंध्रे म्हणूनच बहुधा निष्क्रिय राहतात. तेथे प्राणवायूविना जगणारे जीवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करतात, असेही सांगितले जाते. ही क्रिया थोड्या प्रमाणात घडत असली, तरी वनस्पतियुक्त मत्स्यालयात तिच्यासाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. कारण तेथे नायट्रेट हवेच असते.

थोडक्यात, माध्यमाची खरी कसोटी त्याच्या एकूण पृष्ठभागात नसून, प्राणवायुयुक्त पाणी ज्याच्यावरून सतत वाहत राहील अशा पृष्ठभागात आहे. गाळाने न बुजणे आणि सहज धुता येणे, हे गुण रंध्रांच्या संख्येपेक्षा अधिक मोलाचे आहेत.

वनस्पतींचा वाटा

जोमाने वाढणाऱ्या वनस्पती स्वतःच जैविक गाळणीचे काम करतात. बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी शोषून घेतात. कारण नायट्रेट वापरण्यापूर्वी त्यांना शक्ती खर्चून त्याचे पुन्हा अमोनियममध्ये रूपांतर करावे लागते. डायना वॉलस्टड या अमेरिकन लेखिकेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या मत्स्यालय-परिस्थितिकीवरील ग्रंथात या मुद्द्यावर विशेष भर दिला आहे. हायड्रिला, सेराटोफायलम, लिम्नोफिला यांसारख्या भारतात सर्वत्र आढळणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती या कामी उत्तम ठरतात. पश्चिम घाटातील ओढ्यांत वाढणारी क्रिप्टोकोरीन मात्र सावकाश वाढते. केवळ तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

यावरून वनस्पतियुक्त मत्स्यालयाला गाळणीची गरज नाही, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. लागवड नवी असताना, छाटणीनंतर किंवा प्रकाश कमी पडल्यास वनस्पतींचे शोषण मंदावते. एखादा मासा झाडीत मरून कुजला, तर एकाएकी बराच अमोनिया निर्माण होतो. अशा वेळी गाळणीतील जीवाणू हेच संरक्षण असते. मात्र वनस्पतियुक्त मत्स्यालयाला अवाढव्य गाळणी लागत नाही, एवढे खरे.

वनस्पतींमुळे निवडीवर आणखी एक बंधन येते. त्यांना पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवा असतो. ज्या रचनांत पाणी माध्यमावर थेंबाथेंबाने पडते किंवा हवेच्या जोरावर माध्यम सतत घुसळले जाते, त्या रचना जीवाणूंना भरपूर प्राणवायू देतात. पण त्याचबरोबर पाण्यातील कार्बन डायऑक्साइड उडवून लावतात. मत्स्यशेतीत या रचना उत्कृष्ट ठरतात. जेथे नळीने कार्बन डायऑक्साइड सोडला जातो अशा मत्स्यालयात मात्र पाण्यात बुडालेले स्थिर माध्यम अधिक योग्य होय.

प्रचलित माध्यमे

स्पंज : मोठ्या छिद्रांचा फोम हे सर्वांत स्वस्त व बहुगुणी माध्यम आहे. पाणी त्याच्या सर्व भागांतून वाहते, तो गाळही अडवितो आणि दाबून सहज धुता येतो. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी लहान मत्स्यालयाला पुरेशी होते आणि तिच्यात पिल्ले ओढली जात नाहीत. छिद्रे फार बारीक असल्यास स्पंज लवकर तुंबतो. गादीसाठी किंवा भांडी घासण्यासाठी बनविलेल्या स्पंजात कधी कधी बुरशीनाशक किंवा साबण असतो. तो वापरू नये.

चिनी मातीच्या पोकळ नळ्या व भाजून जोडलेल्या काचेचे तुकडे : ही माध्यमे टिकाऊ असून पाण्याच्या रासायनिक गुणधर्मांत बदल करीत नाहीत. पोकळ आकारामुळे पाणी त्यांच्यातून मोकळेपणाने वाहते. किंमत अधिक असते. वर दिलेला हिशेब पाहता, महागड्या प्रकाराने साध्या प्रकारापेक्षा अनेक पटींनी जास्त काम होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

ज्वालामुखी खडक, प्यूमिस व भाजलेल्या मातीच्या गोळ्या : ही खडबडीत व स्वस्त माध्यमे आहेत. कुंड्यांसाठी मिळणाऱ्या मातीच्या गोळ्या प्रथम तरंगतात. त्या काही दिवस भिजवून ठेवाव्या लागतात. चांगल्या भाजलेल्या विटेचे किंवा मंगलोरी कौलाचे तुकडेही हेच काम करतात. कच्ची वीट मात्र पाण्यात विरघळून गाळ करते. जांभा दगड सच्छिद्र असला, तरी तो झिजून पाणी लाल करतो. म्हणून तो गाळणीत घालणे सोयीचे नाही.

प्लॅस्टिकचे गोळे व चक्रे : ही माध्यमे तुंबत नाहीत, पण बुडालेल्या अवस्थेत त्यांचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने कमी पडतो. हवेने घुसळल्या जाणाऱ्या लहान चक्रांबाबतची अडचण वर सांगितलीच आहे.

शिंपले व चुनखडी : यांतील चुना हळूहळू विरघळून पाण्याची कठीणता व सामू वाढवितो. कठीण पाण्यात ती निरुपयोगी, किंबहुना हानिकारक ठरतात. याउलट कोकण-केरळमधील अतिमृदू पाण्यात मूठभर शिंपल्यांचा उपयोग होतो. कारण अमोनियाचे रूपांतर होताना पाण्याची क्षारता खर्च होत जाते आणि ती संपल्यास सामू एकदम घसरून जीवाणूंचे काम थंडावते. नदीतून आणलेल्या खड्यांत चुना आहे की नाही, हे त्यांवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून पाहता येते. फसफसणारे खडे टाळावेत. प्रवाळाचे तुकडे वापरण्याचा मोह धरू नये. प्रवाळांना भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण देण्यात आले आहे.

झिओलाइट व सक्रिय कोळसा : ही खऱ्या अर्थाने जैविक माध्यमे नव्हेत. दख्खनच्या बेसाल्टातील पोकळ्या झिओलाइटच्या सुंदर स्फटिकांसाठी प्रसिद्ध आहेत. तथापि अमोनियम शोषण्यासाठी वापरले जाणारे खनिज मुख्यतः क्लिनोप्टिलोलाइट हे होय. ते जीवाणू व वनस्पती या दोघांचेही अन्न काढून घेते आणि त्याची शक्ती लवकर संपते. संकटकाळी ते उपयोगी पडते, एरवी नाही. कोळसा पाण्याचा पिवळेपणा व औषधांचे अवशेष काढतो. पण वनस्पतींसाठी घातलेली काही सूक्ष्म पोषकद्रव्येही तो शोषून घेतो.

उष्णता, वीज आणि नळाचे पाणी

भारतातील मत्स्यालयाला तीन गोष्टींचा विचार करावाच लागतो. पहिली गोष्ट उष्णता. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच मावतो. शंभर लिटरच्या मत्स्यालयात एक ग्रॅम अन्नातील नत्राचे रूपांतर करताना दिवसाला सुमारे १७० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. हा उन्हाळ्यातील एकूण साठ्याच्या एक-पंचमांशाहून अधिक भाग झाला. म्हणून उन्हाळ्यात, विशेषतः वनस्पतीही प्राणवायू खर्च करीत असतात त्या रात्रीच्या वेळी, पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवावा.

दुसरी गोष्ट वीज. पुरवठा बंद पडला की बंद डब्याच्या गाळणीतील पाणी थांबते आणि आतील जीवाणू व गाळ काही तासांतच तेथील प्राणवायू संपवून टाकतात. वीज परत आल्यावर हेच दूषित पाणी माशांच्या पेटीत लोटले जाते. बराच काळ वीज गेली असल्यास डबा उघडून आतील पाणी फेकून द्यावे आणि मगच पंप सुरू करावा. जेथे वीज वारंवार व दीर्घकाळ जाते, तेथे पेटीतच उघड्यावर राहणारा स्पंज हा अधिक सुरक्षित होय. त्याच्या सभोवतालच्या पाण्यातून त्याला थोडाफार प्राणवायू मिळत राहतो.

तिसरी गोष्ट नळाचे पाणी. त्यात जंतुनाशक म्हणून घातलेला क्लोरीन गाळणीतील जीवाणूंनाही मारतो. तुंबलेला स्पंज नळाखाली स्वच्छ धुण्याची सवय पुष्कळ घरांत असते आणि त्यानंतर चार-सहा दिवसांनी मासे का मेले, हे कोडे उलगडत नाही. माध्यम नेहमी मत्स्यालयातूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने खळबळून घ्यावे. सर्व माध्यम एकाच दिवशी धुऊ किंवा बदलू नये.

मांडणी आणि आरंभ

वरील विवेचनावरून निवडीचा सर्वसाधारण नियम सांगता येतो. पाणी प्रथम जाड स्पंजातून जावे, म्हणजे गाळ तेथेच अडेल. त्यानंतर ते नळ्या, गोळ्या किंवा खडक यांपैकी परवडेल त्या माध्यमातून जावे. झाडी दाट व मासे थोडे असतील, तर केवळ स्पंजही पुरेसा होतो. झाडी विरळ किंवा मासे अधिक असतील, तर रोजच्या दर एक ग्रॅम अन्नामागे किमान एक लिटर माध्यम असावे. अधिक रक्कम खर्च करावयाचीच असेल, तर ती महागड्या माध्यमापेक्षा चांगल्या पंपावर व आणखी काही रोपांवर करणे हिताचे ठरते.

कोणतेही माध्यम घेतले, तरी त्यावर वस्ती होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. हा काळ कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे निरोगी, जुन्या मत्स्यालयातील वापरलेल्या स्पंजाचा तुकडा नव्या गाळणीत घालणे. तो ओला ठेवूनच आणावा. वनस्पती पहिल्याच दिवशी भरपूर लावाव्यात आणि मासे मात्र थोडे थोडे करून, अमोनिया व नायट्राइट यांची चाचणी शून्य दाखवू लागल्यावर सोडावेत. नव्या माध्यमाचा पांढरा शुभ्र रंग जाऊन त्यावर तपकिरी, निसरडा थर दिसू लागला, की पुष्कळ जण ते खराब झाले असे समजतात. वस्तुतः त्या थरातच जीवाणूंची वस्ती असते आणि त्याच्या आधारावरच मासे जगत असतात.